सोसू नका, सांगा

चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआयमध्ये पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर असे चहूकडून पेशंट येतात. १९६२ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेला १९६७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून उत्तर भारताचा तो मोठा आधार आहे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र हा आधार बरीच वर्षं अपुरा पडत होता. पंजाबच्या माळवा भागातले पेशंट भटिंड्याहून रात्रीच्या गाडीनं राजस्थानात बिकानेरला जात. त्या गाडीचं नावच ‘कॅन्सर ट्रेन’ पडलं होतं. २४ ऑगस्ट २०२२ रोजी चंडीगडला लागून असलेल्या मुल्लांपूरला होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन झालं. ३०० खाटांचं हे रुग्णालय उभारलं टाटा मेमोरियल सेंटरनं, म्हणजे १९४१ पासून परळला पेशंटांवर उपचार करणाऱ्या आपल्या ‘टाटा’नं. चंडीमंदिरची लष्करी छावणी आणि हवाई दलाचा तळ यांमुळे चंडीगडमध्ये मराठी कुटुंबंही कायम असतात. घरापासून दीड हजार किलोमीटरवर कुणाला केमो सुरू झाली, तर सुरुवातीला प्रश्न एकच असतो : हा त्रास झेपेल का?

हे प्रकरण त्या प्रश्नाबद्दल आहे. मळमळ, उलट्या, तोंड येणं, ताप, जुलाब, थकवा, हातापायाला मुंग्या यांतलं काय केव्हा होतं, का होतं, आणि वॉर्डात असताना त्याचं काय करायचं, ते इथे पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुखणं मुकाट्यानं सोसणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं. ‘बिचारी कधी हूं की चूं करत नाही,’ असं नातेवाईक अभिमानानं सांगतात. केमोच्या वॉर्डात या गुणाचा तोटा होतो. त्रास वेळेवर आणि नेमका सांगणं हा इथे उपचाराचाच भाग आहे, सलाईन आणि इंजेक्शनाइतकाच.

याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेतले डॉक्टर ईथन बॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीसारखी तपासणी होत राहिली. दुसऱ्या गटातले पेशंट आपले त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवत. त्रास वाढल्याचं दिसलं की नर्सला लगेच सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नोंदी करणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने निघालं, तर दुसऱ्या गटाचं २६. फरक पाच महिन्यांचा. नोंदीमुळे त्रास लवकर कळला, लवकर आटोक्यात आला आणि पेशंटांना केमो जास्त काळ घेता आली.

प्लॅटिनमचं औषध आणि चंडीगडचा खेळाडू

चंडीगडचा सर्वांत प्रसिद्ध कर्करोगाचा पेशंट म्हणजे युवराज सिंग. २०११ च्या विश्वचषकात त्यानं ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि वानखेडेवर अंतिम सामना झाल्यावर मालिकावीराचा किताबही घेतला. त्या स्पर्धेतच त्याला खोकला आणि धाप यांचा त्रास होत होता. पुढे निदान झालं : छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, जनन पेशींपासून होणाऱ्या प्रकारची गाठ. २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे त्याची केमो झाली. तीन सायकल, म्हणजे ठरावीक अंतरानं दिलेल्या औषधांच्या तीन फेऱ्या, झाल्या. केस गेले, तो फोटो त्यानं स्वतःच जगाला दाखवला. एप्रिलमध्ये तो परतला आणि सप्टेंबरमध्ये चेन्नईला न्यूझीलंडविरुद्ध भारताकडून पुन्हा खेळला. २०१७ मध्ये कटकला इंग्लंडविरुद्ध केलेल्या १५० धावा ही त्याची एकदिवसीय सामन्यांतली सर्वोच्च खेळी ठरली.

आइनहॉर्न हे नाव या विषयात महत्त्वाचं आहे. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण ते विजेमुळे नव्हतं. प्रयोगातल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या संयुगांचा तो परिणाम होता. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आलं. १९७४ मध्ये आइनहॉर्न यांनी ते वृषणाच्या कर्करोगासाठी दुसऱ्या दोन औषधांसोबत वापरलं आणि जवळजवळ हमखास मरण देणारा पसरलेला आजार बरा होऊ लागला. पण किंमत भयंकर होती. सिसप्लॅटिन दिल्यावर चोवीस तासांत दहा-दहा उलट्या होत. काही पेशंट उपचार अर्धवट सोडण्याच्या गोष्टी करत. जीव वाचवणारं औषध हाती असून ते घेववत नव्हतं.

ही कोंडी फुटली उलट्यांमागचं कारण कळल्यावर. केमोचं औषध आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना डिवचतं. त्या पेशी सेरोटोनिन सोडतात, सेरोटोनिन तिथल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. हा निरोप अडवणारं ऑनडॅनसेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तरीही दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची मळमळ उरलीच, कारण तिचा मार्ग वेगळा आहे. तिथे सबस्टन्स-पी नावाचं रसायन काम करतं. ते अडवणारं ॲप्रेपिटंट २००३ मध्ये आलं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन यांची जोड मिळाली आणि आज सिसप्लॅटिन घेणाऱ्या बहुतेक पेशंटांच्या उलट्या रोखता येतात. ओलान्झापिननं दिवसभर गुंगी येते, ही तक्रार मोठी होती. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमऐवजी फक्त २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. उलट्यांवर परिणाम तितकाच राहिला आणि गुंगी कमी झाली. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाची मात्रा ठरवताना ‘दिवसभर डोळे उघडत नाहीत’ ही पेशंटांची तक्रार किती मोलाची असते, ते यातून दिसतं.

पेशंटचं जगणं पाहून औषधही बदलता येतं. युवराजच्या आधी, १९९६ मध्ये, सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर इंडियानापोलिसलाच इंडियाना विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार झाले. ब्लिओमायसिन या नेहमीच्या औषधानं फुफ्फुसांना इजा होऊ शकते आणि सायकलपटूचं सगळं फुफ्फुसांवर अवलंबून. म्हणून डॉक्टरांनी त्याऐवजी दुसरं औषध दिलं. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याचे किताब काढून घेतले गेले, पण या वैद्यकीय निर्णयाचं महत्त्व त्यानं कमी होत नाही. सुतारकाम करणाऱ्याची बोटं, गायिकेचा कान, रिक्षावाल्याची नजर, शिक्षिकेचा आवाज : आपलं पोट कशावर चालतं ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं.

त्रासाचं वेळापत्रक

केमोचे त्रास बव्हंशी ठरलेल्या वेळी येतात. हे वेळापत्रक ठाऊक असलं की निम्मी घालमेल कमी होते आणि धोक्याची खूणही लवकर ओळखता येते.

*पहिले काही तास.* सलाईनची सुई टोचलेल्या जागी जळजळ झाली, सूज आली किंवा ओलं वाटलं, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिनक्रिस्टिन यांसारखं औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूची त्वचा आणि मांस खराब करतं. ‘ही बाटली संपली की सांगू’ असा विचार इथे चालत नाही. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांच्या पहिल्या-दुसऱ्या वेळी थंडी वाजणं, चेहरा लाल होणं, अंगाला खाज, पाठीत कळ, छाती आवळल्यासारखी वाटणं असं काही मिनिटांतच सुरू होऊ शकतं. तेव्हा औषध थांबवतात, इंजेक्शन देतात आणि पुष्कळदा तेच औषध हळू वेगानं पुन्हा सुरू करता येतं. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं.

सिसप्लॅटिन असेल तर भरपूर सलाईन चढवतात, कारण हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं. लघवी मापून लिहून ठेवायला सांगतात. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि पेशंट अंदाजानं आकडे सांगतात. तसं करू नये. लघवी कमी होत असल्याचं त्याच कागदावरून कळतं. कानात घूं-घूं आवाज येऊ लागला किंवा फोनवरचं बोलणं अस्पष्ट वाटू लागलं, तर तेही सांगायचं. सिसप्लॅटिनचा परिणाम कानावर होतो आणि गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.

*पहिला आठवडा.* मळमळीची औषधं मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असतात. दूध उतू गेल्यावर धावण्यापेक्षा आधीच आच मंद केलेली बरी, तसंच हे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर मनानं दुसरी घेऊ नये, नर्सला सांगावं. तोंडानं गोळी टिकत नसेल तर औषध शिरेतून देता येतं. पहिल्या सायकलला उलट्या नीट रोखल्या गेल्या नाहीत, तर पुढे नुसत्या वॉर्डाच्या वासानं, अगदी रुग्णालयाचं फाटक दिसल्यावरही उमळू लागतं. शरीरानं धरलेली ती आठवण असते. पेशंटचा नाटकीपणा नसतो. त्यावरही औषध आहे. म्हणूनच पहिल्या वेळी मळमळ लपवणं सर्वांत महाग पडतं.

उलट्या थांबवणारी औषधं स्वतःही काही त्रास देतात. ऑनडॅनसेट्रॉननं पोट साफ होत नाही. डेक्सामेथासोननं झोप उडते, उचक्या लागतात, मधुमेह असणाऱ्याची साखर चढते. ते सकाळी घेता येईल का, हे विचारावं. तीन दिवस शौचाला झालं नाही हे सांगायला लाज वाटते, पण मॉर्फिन किंवा व्हिनक्रिस्टिन चालू असताना ही गोष्ट अवघड होऊन बसते. सारक औषध सुरुवातीपासून लागतं.

ऑक्झालीप्लॅटिन घेणाऱ्यांना चंडीगडचा हिवाळा वेगळा छळतो. जानेवारीत इथे रात्रीचं तापमान पाच-सहा अंशांवर येतं. पहाटे नळाच्या पाण्यात हात घातला की बोटांना विजेचा झटका बसल्यासारखं होतं. गार पाण्याच्या घोटानं घसा आवळल्यासारखा वाटतो आणि माणूस घाबरतो. औषधाचा हा ठरलेला परिणाम आहे. हातमोजे, पायमोजे, मफलर आणि कोमट पाणी यांनी तो पुष्कळ टळतो. धातूचा गार ग्लासही उघड्या हातानं धरू नये.

*दुसरा आठवडा.* केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर मारा करते. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांमधला रक्त तयार करणारा मगजही तसाच असतो. म्हणून पाचव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत तोंड येतं आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात.

तोंडासाठी सर्वांत स्वस्त उपाय हाच सर्वांत कामाचा : एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. पाणी गिळायचं नाही. ब्रश मऊ हवा. दारूचा अंश असलेलं बाजारी माऊथवॉश नको. काही औषधांच्या वेळी, उदाहरणार्थ 5-एफयूचं झटपट दिलं जाणारं इंजेक्शन, अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळायला देतात. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी पोहोचतं. ऑक्झालीप्लॅटिन चालू असेल तर मात्र बर्फ वर्ज्य. तोंडात पांढरे चट्टे दिसले, पाणीही गिळवेना झालं, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नये.

जुलाबांची संख्या मोजावी. इरिनोटिकॅनसारख्या औषधानंतर पाणी वेगानं निघून जातं. चंडीगडच्या मे-जूनच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात तर काही तासांत माणूस गळून जातो. ओआरएस लगेच सुरू करावं. जुलाब थांबवणारी गोळी मात्र डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या पद्धतीनंच घ्यावी.

ताप : जिथे एक तासही मोठा असतो

या सगळ्या त्रासांपैकी एकच पाठ करायचा असेल तर तापाचा करावा. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ राहिला, तर ती तातडीची वेळ आहे. पांढऱ्या पेशींतल्या संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील, तर पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फार नसतो. ताप हीच एकमेव खूण असते. अशा वेळी प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात मिळावा, असा जगभरचा दंडक आहे.

आपल्याकडची घातक सवय म्हणजे आधी पॅरासिटामॉल द्यायची, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या आणि सकाळपर्यंत वाट पाहायची. गोळीनं ताप उतरतो, जंतू मात्र वाढत राहतात. थर्मामीटर जवळ ठेवा. आधी ताप मोजा, लिहा, वॉर्डात असाल तर सांगा, घरी असाल तर निघा. कोणत्याही रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘केमो होऊन दहा दिवस झालेत आणि ताप आहे.’ केमोची तारीख आणि औषधांची नावं असलेला डिस्चार्ज कार्डाचा कागद हातातच ठेवा. गर्दीत हे एक वाक्य पेशंटला पुढे नेतं.

पावसाळ्यात चंडीगडलाही डेंग्यू असतो. केमोनं आधीच उतरलेल्या प्लेटलेट डेंग्यूनं आणखी खाली येतात, म्हणून मच्छरदाणी हवीच. हिरड्यांतून रक्त, अंगावर टाचणीएवढे लाल ठिपके, काळी शी, अचानक जोराची डोकेदुखी या प्लेटलेट घसरल्याच्या खुणा. साठवलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. रक्तदात्यांची यादी म्हणूनच आधी करून ठेवावी. परगावच्या कुटुंबाला ऐन वेळी शोधाशोध फार जड जाते.

वहीचं एक पान

डॉक्टर राउंडला येतात, दोन मिनिटं थांबतात आणि विचारतात, ‘कसं आहे?’ बहुतेक जण म्हणतात, ‘ठीक.’ रात्रभर जागलेला माणूसही ‘ठीक’ म्हणतो. डॉक्टरांना त्रास नको, ते रागावतील, केमो थांबवतील, अशा भीती त्यामागे असतात. यावर उपाय एका वहीचा. सोबतच्या माणसानं ती लिहावी. पान असं असावं :

‘चौथा दिवस. पहाटे ५ : उलटी एक, पिवळी, अर्धी वाटी. ६ : ताप ९८.८. ७ : गोळी घेतली, टिकली. ९ : इडली अर्धी, चहा. ११ : मळमळ दहापैकी ६, गोळीनंतर ३. दुपारी : झोप दोन तास. ४ : शौच नाही, तिसरा दिवस. रात्री ८ : डाव्या हाताची बोटं बधिर, शर्टचं बटण लावता आलं नाही.’

या पानात डॉक्टरांच्या उपयोगाच्या तीन गोष्टी दडलेल्या आहेत : मळमळीची गोळी काम करते आहे, पोटासाठी औषध हवं आहे आणि बोटांच्या मज्जातंतूंकडे आजच लक्ष द्यायला हवं. बटण लावता न येणं ही ‘मुंग्या येतात’ पेक्षा किती तरी नेमकी माहिती आहे. मुंग्यांचा त्रास प्रत्येक डोसागणिक साचत जातो. वेळीच कळला तर मात्रा कमी करता येते.

दुखण्यालाही असाच आकडा द्यावा, शून्य ते दहा. आठ असताना चार सांगणं हा पराक्रम नव्हे. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे दचकतात, व्यसन लागेल म्हणतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं असं व्यसन क्वचितच लागतं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणंच दुरापास्त झालं होतं; २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. ज्या औषधासाठी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, ते निव्वळ गैरसमजानं नाकारू नये.

ताट, लंगर आणि काढा

पीजीआयच्या बाहेर जगदीशलाल आहुजा यांनी जवळपास वीस वर्षं पेशंटांच्या नातेवाइकांसाठी लंगर चालवला. फाळणीत पेशावरहून आलेल्या, केळी विकून मोठ्या झालेल्या या माणसानं लंगर बंद पडू नये म्हणून आपल्या मालमत्ता विकल्या. त्यांना स्वतःला कर्करोग झाला तरी लंगर थांबला नाही. लोक त्यांना ‘लंगर बाबा’ म्हणत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२१ मध्ये ते गेले. परगावी आलेल्या कुटुंबाला यातून मोठा धडा मिळतो : सोबतच्या माणसानं जेवलंच पाहिजे. उपाशी, न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधाची वेळ चुकते आणि ताप मोजायचा राहतो. सेवा घेण्यात कमीपणा मानू नये.

पेशंटच्या ताटाबाबत नियम साधा आहे : ताजं, शिजवलेलं, गरम, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. पांढऱ्या पेशी कमी असताना गाडीवरचा उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, पाणीपुरी, कच्ची कोशिंबीर टाळावी. मळमळीत गरम जेवणाचा वास नकोसा होतो. मग खोलीच्या तापमानाचं, कमी वासाचं अन्न बरं जातं. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीची पेज हे आपलं जुनं पथ्यच इथे कामी येतं. ते मिळालं नाही तर पंजाबी घरातला दलिया किंवा पातळ कढी-भातही तितकाच हलका. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा. तोंड आलेलं नसेल तर लिंबू किंवा आमसुलानं चव परत येते. प्रथिनं सोडू नयेत : अंडं नीट उकडलेलं, पनीर, डाळीचं पाणी नव्हे तर डाळ.

काढे, भस्मं, चूर्णं यांबाबत एकच विनंती : घ्यायचे असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या. केमोची पुष्कळ औषधं यकृतात मोडली जातात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर मतभेद झाले, पण केमो चालू असताना यकृतावर अनोळखी भार टाकू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं. मामा, शेजारी, व्हॉट्सॲप यांच्याकडून आलेला काढा पेशंट गुपचूप घेतो आणि यकृताचा रिपोर्ट बिघडला की डॉक्टर केमोचं औषध बदलायला निघतात. खरं कारण कुणाला कळतच नाही.

केस, थकवा आणि मन

केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. उशीवर पुंजके दिसतात, डोक्याची कातडी हुळहुळते. चंडीगडच्या वॉर्डात या त्रासाला आणखी एक पदर आहे. शीख पंथात केस हे पाच ‘क’कारांपैकी एक. जन्मभर कात्री न लागलेले केस गळून हातात येतात, तेव्हा ते दुःख दिसण्यापुरतं राहत नाही. मराठी घरातल्या बाईचा अंबाडा जातो तेव्हाही तसंच होतं. ‘केस काय, परत येतील’ हे खरं असलं तरी ते लगेच बोलून दाखवू नये. रडू द्यावं. केस जाण्याआधीच आखूड करायचे का, स्कार्फ घ्यायचा का, पगडीच्या आत मऊ सुती फडकं लावायचं का, हे पेशंटनं ठरवावं.

थकवा हा सर्वांत जास्त पेशंटांना होणारा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा त्रास. झोपून तो जात नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. उलट डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर वॉर्डाच्या व्हरांड्यात दिवसातून दोन-तीनदा थोडं चालल्यानं तो कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सलाईनचा स्टँड हातात धरून पाच मिनिटं चाललं तरी ते औषधच. थकव्याचं कारण कधी रक्त कमी असण्यात, कधी थायरॉइडमध्ये, कधी उदासीत असतं. म्हणून थकव्याचीही चौकशी व्हावी. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तेही तापाइतक्याच मोकळेपणानं सांगायचं. मनाच्या डॉक्टरांची मदत घेणं हा मोठ्या कर्करोग रुग्णालयांत नेहमीच्या उपचारांचाच भाग असतो.

घरी जाताना

डिस्चार्ज मिळाला की सगळ्यांना घाई असते. तरी निघण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या : मळमळीची गोळी कधी आणि किती दिवस, रक्ताची पुढची तपासणी कोणत्या तारखेला, किती ताप आला की निघायचं आणि कुठे, रात्री फोन कुणाला करायचा, आणि कोणती जुनी औषधं बंद ठेवायची. परगावी राहत असाल तर पहिले दोन आठवडे रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात राहण्याची सोय पाहावी. धोक्याचे दिवस तेच असतात.

पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी डॉक्टर मागची सायकल कशी गेली ते विचारतात. औषधाची मात्रा तीच ठेवायची, कमी करायची, मळमळीचं औषध बदलायचं की आठवडाभर थांबायचं, हे तुमच्या उत्तरावरून ठरतं. तेव्हा वही उघडा आणि तारखेसकट वाचून दाखवा. केमोचं औषध निवडणं डॉक्टरांच्या हातात आहे. ते तुमच्या शरीरात कसं वागलं, याची माहिती मात्र जगात फक्त तुमच्यापाशी आहे, आणि ती न सांगता कोणताही डॉक्टर तुमची पुढची सायकल नीट आखू शकत नाही.